सातपट सावलीचं बेट

आईचा फोन रोज पावणेएकला यायचा. नागपूरच्या मनीषनगरात तेव्हा ऐन दुपार. जेवणं आटोपलेली, गच्चीवर घातलेल्या मूगवड्या एकदा उलथून झालेल्या. माझ्याकडे सव्वानऊ वाजलेले असायचे आणि जानेवारीच्या सुरुवातीला खिडकीबाहेर पातळ शाईसारखा निळा उजेड. त्याला पहाट म्हणावं की सकाळ, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. “निघाला का वं सूर्य?” हा तिचा पहिला प्रश्न. “नाही अजून. निघेल दहा मिनिटांत, ढग नसले तर.” “बाप्पा! आणि जेवून राहिली का बरोबर?” तिथून पुढे बोलणं ज्वारीचं पीठ, लोणचं आणि पायमोज्यांवर जायचं.

जानेवारी आणि फेब्रुवारी असे दोन महिने मी फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या समोर समुद्रात असलेल्या सुओमेनलिन्ना या बेटावर राहिले. खरं तर हे एक बेट नाही, पुलांनी जोडलेल्या लहान बेटांचा पुंजका आहे, आणि त्या पुंजक्यावर एक प्रचंड जलदुर्ग आहे. ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड आणि ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. याच किल्ल्यातल्या जुन्या दगडी इमारतींत चित्रकारांना राहून काम करण्यासाठी जागा मिळते. ‘हेलसिंकी इंटरनॅशनल आर्टिस्ट प्रोग्रॅम’ ही संस्था १९९८ साली सुरू झाली. ‘हायप’ या छोट्या नावानं ती ओळखली जाते.

आपल्याकडे रेसिडेन्सी म्हटलं की अजून समजावून सांगावं लागतं. शेजारच्या काकूंना मी सांगितलं, “राहायला घर देतात, काम करायला खोली देतात, आणि चित्र काढ म्हणतात.” त्यांनी विचारलं, “आणि त्याबदल्यात काय घेतात?” प्रश्न रास्त आहे. बहुतेक ठिकाणी शेवटी आपलं काम लोकांना दाखवायचं असतं, कधी एखादं व्याख्यान किंवा कार्यशाळा घ्यायची असते. एरवी वेळ आपला. संस्था ठरावीक काळानं अर्ज मागवतात. अर्जात आधीच्या कामाचे नमुने आणि तिथं येऊन काय करणार याचं एक-दोन पानी टिपण द्यायचं. काही ठिकाणी विमानभाडं आणि महिन्याचा खर्च मिळतो, काही ठिकाणी फक्त छप्पर, तेव्हा अर्ज करण्याआधी हे नीट वाचून घ्यावं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला दोन-तीन महिन्यांची रेसिडेन्सी बेतात बसते.

हिवाळाच का मागितला, असं मला अनेकांनी विचारलं. उन्हाळ्यात तिथं रात्री दहानंतरही उजेड असतो, पर्यटक सहलीला येतात, तटबंदीच्या गवतावर लोक लोळतात. पण उजेड मला नवा नव्हता. मी नागपूरची. मे महिन्यात ४६-४७ अंश सोसणाऱ्या, खिडक्यांना हिरवी जाळी आणि वाळ्याचे ताटवे बांधणाऱ्या गावात माझी सगळी चित्रं झाली. आमच्याकडे उघड्यावर रंगवायचं तर सकाळी नऊच्या आत. पुढे ऊन इतकं उभं होतं की झाड, भिंत, माणूस सगळं चपटं दिसायला लागतं. आम्ही सावली शोधतो ती बसायला. सावलीकडे चित्रकार म्हणून मी कधी निवांत बघितलंच नव्हतं. अर्जाच्या टिपणात मी एवढंच लिहिलं होतं की जिथं सूर्य डोक्यावर येतच नाही अशा जागी दोन महिने बसून सावली काढायची आहे.

नागपूर-दिल्ली-हेलसिंकी असा प्रवास करून ३ जानेवारीला पोचले, पण रंगांची बॅग पोचली नाही. ट्यूब, ब्रश, माझा ठरलेला जाड कागद, सगळं त्या बॅगेत. हातातल्या पिशवीत एक रेखाटन वही आणि सहा पेन्सिली होत्या. बॅग चौथ्या दिवशी आली. तोवर मी पेन्सिलीनं जे काढत बसले, त्यानंच पुढच्या कामाची दिशा ठरली. रंग हाताशी असते तर पहिल्याच दिवशी पांढऱ्या बर्फावर निळे वॉश टाकत सुटले असते.

हेलसिंकीच्या बाजारचौकातून, म्हणजे कौप्पातोरीहून, फेरीबोट सुटते. शहराच्या ट्रॅमला जे तिकीट चालतं तेच तिलाही चालतं, कारण ती शहराच्या वाहतूक सेवेचाच भाग आहे. पंधरा मिनिटांचा प्रवास. भल्या सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, बारा महिने ती चालते. बेटावर सुमारे ८०० माणसं कायमची राहतात. शाळा आहे, वाचनालय आहे, किराणा दुकान आहे. समुद्राखालून एक बोगदाही आहे, पण तो रुग्णवाहिका, अग्निशमन आणि देखभालीच्या गाड्यांसाठी. बाकीच्यांनी बोटीचं वेळापत्रक पाठ करायचं. मला त्याचा त्रास वाटला नाही. वर्धा रोडकडचा उड्डाणपूल होण्याआधी मनीषनगरातल्या प्रत्येक घराचं घड्याळ रेल्वे फाटकावर चालायचं. शाळेची रिक्षा, डॉक्टरची वेळ, लग्नाचा मुहूर्त, सगळ्यांत ‘फाटक पडलं तर’ धरून वीस मिनिटं वाढवलेली असायची. बेटावरची माणसंही तसंच बोलतात: सहा-वीसची गेली तर सातची. बोट चुकलेल्या दोन माणसांत जी ओळख होते, तीही फाटकावरच्या ओळखीसारखीच असते.

पाण्याचंही तसंच. बेसा-मनीषनगरच्या बाजूला आम्ही नवे राहायला आलो तेव्हा टँकर यायचा दिवस आणि वेळ यांवर धुणं, भांडी, आंघोळ ठरायची. बेटावर मी तीच शिस्त उजेडासाठी लावली. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. सहा तास. नागपुरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांना थोडाच कमी असतो. तेव्हा स्वयंपाक, ईमेल, धुणं, दुकान हे सगळं अंधारात उरकायचं आणि साडेनऊला खिडकीशी हजर राहायचं. उजेड आला की भरून घ्यायचा.

माझी खोली सुसिसारी बेटावर होती. सुसिसारी म्हणजे लांडग्याचं बेट. आता लांडगे नाहीत, राखाडी जाकीट घातल्यासारखे दिसणारे कावळे आहेत. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन मला बसता यायचं. माझं टेबल म्हणजे तो कोनाडाच झाला.

किल्ल्याची हकिकत थोडी सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्राच्या माणसाला परकी वाटत नाही. १७४८ साली, फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, रशियाच्या भीतीनं हा दुर्ग बांधायला घेतला. नाव स्वेआबोर्ग, म्हणजे स्वीडनचा किल्ला. बांधणारा अधिकारी ऑगस्टिन एरेन्सव्हॅर्ड. खडकांच्या उंचसखलपणाला धरून सुमारे सहा किलोमीटरची तटबंदी त्यानं फिरवली. खडक जसा वळला तशी भिंत वळली. सिंधुदुर्गाचा नागमोडी तट पाहिलेल्याला हे चटकन समजतं. इतका अवघड दुर्ग, पण १८०८ साली वेढा पडल्यावर किल्लेदारानं तो रशियनांच्या हवाली केला. तिकडच्या लोकांच्या मनात ते शल्य अजून आहे. पुढे १०९ वर्षं रशियाची सत्ता. ऑगस्ट १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धात, इंग्रज आणि फ्रेंच आरमारानं त्यावर तोफा डागल्या. ती तारीख वाचताना मी थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, याच इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं होतं. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला, १९१८ मध्ये किल्ल्याला आजचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी, यादवी युद्धानंतर, इथं हरलेल्या बाजूच्या हजारो लोकांना कोंडलं गेलं. १९७३ मध्ये लष्कर गेलं, मुलकी कारभार आला, १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं.

मला या सगळ्यात एक माणूस जवळचा वाटला. एरेन्सव्हॅर्डला स्वतःला चित्रकलेचा नाद होता. १७६०च्या दशकात त्यानं एलियास मार्टिन या तरुण स्वीडिश चित्रकाराला बेटावर आणलं. मार्टिननं तिथं चित्रकला शिकवली आणि बांधकाम चालू असलेल्या किल्ल्याची दृश्यं रंगवली. एरेन्सव्हॅर्डचा मुलगा कार्ल ऑगस्ट त्याच्याकडे शिकला आणि आरमारात राहूनही चित्रकार झाला. म्हणजे या बेटावर चित्रकाराला जागा, जेवण आणि काम देण्याची रीत अडीचशे वर्षांची आहे. दगड घडवणारे, जहाजं दुरुस्त करणारे आणि त्यांच्यात बसून त्यांना काढणारा एक. मला ही संगत फार बरी वाटते. इथल्या सुक्या गोदीत आजही लाकडी जहाजांची दुरुस्ती चालते. बेटावर एक खुलं कारागृहही आहे आणि तिथले कैदी तटबंदीच्या डागडुजीचं काम करतात. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर ज्यांना माहीत आहे, ‘दो आँखें बारह हाथ’ ज्या वसाहतीवरून सुचला, त्यांना यात नवल वाटणार नाही. हेल्मेट घालून चुन्याचा गारा कालवणारी ती माणसं रोज मला हात करायची. कैदी कोण आणि पगारी गवंडी कोण, हे मी कधी विचारलं नाही.

पहिले आठ दिवस सूर्य दिसलाच नाही. ढगांचं झाकण, खाली बर्फ, मध्ये सगळीकडून सारखा पसरलेला राखाडी उजेड. सावली कशालाच नाही. झाडाला नाही, तोफेला नाही, मला नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. त्या शून्य सावलीच्या दिवसाची मला राहून राहून आठवण झाली. तिथं उजेडाच्या अतिरेकानं सावली जाते, इथं तुटवड्यानं. पेन्सिलीनं मी रोज एकच खिडकी काढत होते आणि कागद जवळजवळ कोरा राहत होता, कारण आकाश, समुद्र आणि जमीन यांच्यात रेघ ओढावी असा फरकच नव्हता. फक्त तटाचा दगड गडद होता. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी बर्फ काढतच नाहीये, दगड काढतेय, आणि उरलेला कोरा कागद आपोआप बर्फ होतोय. जलरंगवाल्याला कागद राखायचा हे पहिल्या वर्षीच शिकवतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयात आमचे सर ‘कागद वाचव’ असं वर्गात दहा वेळा बजावायचे. इतक्या वर्षांनी ते हातात उतरलं.

याच दिवसांत मी पडले. बर्फ वितळून पुन्हा गोठला की दगडी वाटेवर काचेसारखा थर बसतो आणि त्यावर ताजा भुरभुरीत बर्फ पडला की तो दिसत नाही. चर्चच्या उतारावर पाय सटकला आणि मनगटावर आले. मोडलं काही नाही, पण उजवा हात चार दिवस सुजलेला. दुकानातल्या बाईंनी मला बुटांवर चढवायचे रबरी पट्टे दाखवले, खाली लोखंडी खिळे असलेले. तिथं हे म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे वापरतात. हिवाळ्यात जाणाऱ्या कोणालाही मी पहिल्यांदा हेच सांगेन: जाड कोटाआधी हे खिळे घ्या. कपड्यांचं तंत्र सोपं आहे. अंगाला लोकरीचा पातळ थर, त्यावर ऊब धरणारा दुसरा, वर वारा अडवणारा तिसरा. सुती बनियन घरी ठेवून जावं, ती घाम धरते आणि मग अंग गार पडतं.

चर्चचं बोलले तर तेही सांगते. १८५४ साली ते रशियन सैन्यासाठी बांधलं, कांद्याच्या आकाराचे घुमट होते. स्वातंत्र्यानंतर घुमट उतरवून ते ल्यूथरन चर्च केलं. त्याच्या मनोऱ्यावर दीपगृहाचा दिवा आहे. तो चार वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा चार वेळा. मोर्स लिपीत चार टिंबं म्हणजे ‘एच’, हेलसिंकीचा ‘एच’. झोप लागेना अशा रात्री मी ते चार ठोके मोजत पडायचे. रात्रीच्या अंधारात आणखी एक दृश्य नेमानं दिसे. बेटाच्या दक्षिण टोकाला कुस्तानमिएक्काची खिंड आहे, जेमतेम ८० मीटर रुंद. त्यातून बाल्टिक ओलांडणारी मोठी प्रवासी जहाजं जातात. तटाच्या मागून दिव्यांनी भरलेली दहा मजली इमारत आवाज न करता सरकत गेल्यासारखी वाटते. बर्फावर तिचा पिवळा उजेड घरंगळत जातो आणि मग पुन्हा निळं.

१२ जानेवारीला आकाश उघडलं. सव्वानऊला सूर्य वर आला तो संत्र्याच्या रंगाचा, आणि दुपारी साडेबारालाही तो क्षितिजापासून फार वर चढला नाही, आठ अंशांच्या आसपासच राहिला. मी बाहेर धावले. माझी सावली माझ्यापुढे बर्फावर पडली होती, तिचं डोकं तोफेच्या पलीकडे. टेप नव्हती, म्हणून पावलांनी मोजली. माझ्या उंचीच्या सातपट. त्याच दिवशी, त्याच माध्यान्हीला मनीषनगरात माझी सावली माझ्या उंचीहून थोडी कमीच भरली असती. आणि ती काळी नव्हती. बर्फावरच्या सावलीत सूर्य पोचत नाही, पण वरचं निळं आकाश पोचतं, म्हणून ती निळी. जिथं ऊन पडलं होतं तिथं पांढरं नव्हतं, फिक्कं गुलाबी होतं, कारण इतका तिरका सूर्यकिरण हवेचा फार जाड थर कापून येतो आणि त्याचा निळा भाग वाटेतच विखरून जातो. पुस्तकात हे वाचलं होतं. तिथं उभं राहिल्यावर दिसलं की सावलीचा निळाही एक नाही. पायाशी ती जवळजवळ इंडिगो होती, डोक्याकडे जाता जाता पातळ होत अल्ट्रामरीनमध्ये थोडा जांभळा मिसळावा तशी, आणि कडा विरघळलेल्या. तीन तासांत मी अकरा लहान चित्रं केली. पावणेचारच्या आत सूर्य गेला. पुढचे सहा दिवस पुन्हा ढग.

नंतर शहरात जाऊन आतेनियम संग्रहालयात पेक्का हालोनेनची बर्फाची चित्रं पाहिली. १८६५ ते १९३३ हा त्याचा काळ, बर्फ रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं तिथं मानतात. त्याच्या बर्फात पांढरा अगदी थोडा आहे. नाक लावून बघितलं तर निळा, करडा, मळकट गुलाबी. मागे सरकलं की बर्फ. त्याच इमारतीत हेलेने श्येर्फबेकची आत्मचित्रं आहेत. म्हातारपणी, आजारात, ती स्वतःचा चेहरा काढत राहिली आणि प्रत्येक चित्रात त्यातलं काही कमी करत गेली. त्या खोलीत मी तासभर बसले, वही उघडली नाही.

संक्रांतीला एस्पोहून एक नागपूरचं कुटुंब मला न्यायला आलं. एस्पो म्हणजे हेलसिंकीला लागूनच असलेलं शहर, आयटीमधली बरीच भारतीय मंडळी तिथं राहतात. हेलसिंकीतल्या हाकानिएमी भागातल्या दुकानांतून आणलेले तीळ, भारतातून आलेला गूळ, आणि वर तर्री-पोहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला आजीनं फोनवर सांगितलं होतं की संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. ती मला म्हणाली, “मावशी, इथं तिळातिळानं नाही वाढत, खूप वाढतो.” पोरीचं अगदी खरं होतं. नागपुरात संक्रांतीच्या सुमारास दिवस रोज अर्ध्या मिनिटानं वाढतो, तो खरोखर तीळभर. हेलसिंकीत त्या आठवड्यात तो रोज साडेतीन मिनिटांनी वाढत होता, फेब्रुवारीत पाच मिनिटांहून जास्त. मी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करत होते, ऊन आत कुठवर आलं याच्या. ऊन असलेल्या दोन दिवसांतलं अंतर बोटांनी मोजता येत होतं.

जानेवारीच्या शेवटी पारा उणे १७ला गेला. समुद्र आधीच गोठायला लागला होता. बाल्टिकचं पाणी फार खारट नाही, मोठ्या नद्या त्यात गोडं पाणी आणतात, म्हणून ते शून्याच्या किंचित खालीच गोठतं. आधी पाण्यावर तेलकट साय धरल्यासारखं दिसलं, मग ताटाएवढ्या गोल चकत्या, एकमेकींवर घासून कडा वर वळलेल्या, मग एका रात्रीत सगळं सपाट. फेरीबोट त्यातून रोज तीच वाट फोडत जायची. आत बसलं की तळाखालून बर्फ खरवडल्याचा, फुटल्याचा आवाज येई. बर्फावर चालत जाणारे लोक गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवतात. खाली गेलं तर त्या कडेत रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. पाच सेंटिमीटर घट्ट बर्फ एका माणसाचं वजन पेलतो असा तिथला ठोकताळा आहे, पण जहाजं जातात त्या बाजूला कोणी शहाणा माणूस पाऊल टाकत नाही. मीही काठावरूनच काढलं.

त्या थंडीत बाहेर रंगवायला बसले आणि दोन मिनिटांत ब्रशची टोकं खडखडीत. पाण्यात थोडी व्होडका मिसळली की ते उशिरा गोठतं, ही तिथल्या चित्रकारांची युक्ती. कडक दारू फक्त सरकारी दुकानात मिळते. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा दुकानात गेले आणि रंगाच्या पाण्यासाठी छोटी बाटली घेऊन आले. पण एके दिवशी ती घरी विसरले आणि त्यातून जे झालं ते दोन महिन्यांतलं सगळ्यांत मोठं देणं ठरलं. तटाची सावली काढायला मी कागदावर इंडिगोचा ओला वॉश टाकला होता. डोळ्यांसमोर त्याच्या एका कोपऱ्यातून सुईएवढी रेघ निघाली. तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना पानं फुटली, नेच्याच्या पानासारखी, आणि मिनिटाभरात सगळा वॉश त्या नक्षीनं भरला. पाणी गोठताना स्फटिक रंगाचे कण बाजूला ढकलतात, त्यामुळे फांदीची शीर फिकी आणि तिच्या कडेला रंग दाट. मी श्वास रोखून बघत होते, कारण माझ्या श्वासाच्या वाफेनं जवळची दोन पानं विरघळली होती. तो कागद ऊबदार खोलीत नेला असता तर सगळं पुन्हा पाणी झालं असतं. म्हणून तो बाहेरच, तटाच्या एका बंद कोनाड्यात, आडवा ठेवला. कोरड्या थंडीत बर्फ न वितळताच हळूहळू उडून जातो. चौथ्या दिवशी आणला तेव्हा नक्षी बरीचशी शाबूत होती. पुढचे दोन आठवडे मी हेच केलं. सावलीचा आकार मी द्यायचा, आतलं काम थंडीवर सोपवायचं. एकूण तेवीस कागद झाले, त्यातले नऊ ठेवण्याजोगे.

सौनाबद्दल न लिहिता फिनलंडचं वर्णन पुरं होत नाही. पंचावन्न लाखांच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत असं म्हणतात. तापलेल्या दगडांवर पळीनं पाणी टाकायचं आणि उठलेल्या वाफेत गप्प बसायचं. मेमधल्या नागपूरची सवय असल्यानं मला उष्णता सोपी गेली. समुद्राच्या बर्फात पाडलेल्या भोकात उतरणं मात्र जमलं नाही. खाण्यात राई या धान्याची काळी भाकरी मला मनापासून आवडली, आपल्या भाकरीसारखीच ती चावून खावी लागते. ५ फेब्रुवारी हा रुनेबर्ग या राष्ट्रकवीचा दिवस. त्याच्या नावाचा, बदाम घातलेला आणि वर रासबेरीचा जॅम असलेला उंच केक त्या दिवसांत सगळीकडे मिळतो.

शेवटच्या आठवड्यात स्टुडिओ लोकांसाठी उघडला. बेटावरची माणसं आली, दुकानातल्या बाई आल्या, हेल्मेटवाल्यांपैकी दोघे आले. त्यांतला एकजण गोठलेल्या सावलीच्या चित्रासमोर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, हा कोपरा मी दुरुस्त केलाय. सांधा कुठून सुरू होतो ते त्यानं बोटानं दाखवलं. माझ्या चित्रात ती रेघ आली होती, मला ठाऊक नसताना.

फेब्रुवारी संपताना सूर्य साडेसातच्या आत उगवत होता. बोटीच्या डेकवर उन्हात उभं राहून मी शहराकडे निघाले.

मनीषनगरात माझ्याकडे रविवारी सोसायटीतली मुलं चित्रं शिकायला येतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही बारा वाजता गच्चीवर गेलो. स्टीलचा पेला फरशीवर उभा केला. बारा-दहाच्या सुमारास त्याची सावली तळाखाली गेली. पोरं ओणवी होऊन बघत होती. सहावीतला एकजण म्हणाला, “मॅडम, तिकडं जानेवारीत ठेवला असता तर कुठवर गेली असती?” पेला बारा सेंटिमीटरचा. बारा साते चौऱ्याऐंशी. पट्टी लावून आम्ही पेल्याच्या बुडापासून उत्तरेकडे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर मोजले आणि निळ्या खडूनं तिची सावली भरून काढली. पायाशी दाबून, टोकाकडे फिकी. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली. चपला घातल्या असूनही तळवे भाजायला लागले, तेव्हा पेला उचलून खाली आलो.